आमच्या हातपंपाचं म्युनिक

बारावीला तह शिकवायचे तर मी फळ्यावर पाच रकाने आखते. तह कोणता, सह्या कोणाच्या, मुदत किती, मोडला कधी, किंमत कोणी दिली. पुस्तकात पहिल्या तीन रकान्यांपुरतीच माहिती असते. उरलेल्या दोन रकान्यांची सवय मला लातूरला लागली.

युद्ध कायमचं सोडल्याचा पॅरिसचा करार घ्या. सोन्याच्या पेनाने सह्या झाल्या आणि अकरा वर्षांत जग पेटलं. जर्मनी-रशियाचा अनाक्रमणाचा करार दहा वर्षांचा होता, दोनही निघाली नाहीत. लांब कशाला जायचं? निजामाने दिल्लीशी केलेला जैसे थे करार एका वर्षाचा. दहा महिने भरायच्या आत फौजा हैदराबादेत. या कागदांबद्दल आदर वाटावा असं मला आजवर काही सापडलेलं नाही.

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि पावसाने दडी मारली होती. कचेऱ्या भाड्याच्या घरांत, पाट्यांचा रंग ओला, आणि ज्याला त्याला कशावर तरी सही करायची घाई. मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवत होते. दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून मुलींच्या वसतिगृहाची रेक्टरही मीच. चाळीस मुली, उदगीर-अहमदपूर-लोह्याकडच्या खेड्यांतल्या. प्रवेशाच्या दिवशी बहुतेक बापांनी एकच वाक्य ऐकवलं होतं, "बाई, हॉस्टेल बंद पडलं की पोरगी घरी. मंग लगीन." म्हणजे वसतिगृह चालू तर शिक्षण चालू, आणि आवारातला हातपंप चालू तर वसतिगृह चालू.

एका अंगाला नव्या कचेरीची क्वार्टरं, दुसऱ्या अंगाला व्यापाऱ्यांची गल्ली. दोन्हीकडचं पाणी आटलं आणि सगळे आमच्या पंपावर आले. रोज भांडण. मग एके दिवशी दुपारी प्राचार्यांच्या खोलीत चौघे बसले: प्राचार्य, संस्थेचे सचिव, कचेरीचे साहेब आणि गल्लीचे आप्पा, कापडाचे मोठे व्यापारी. स्टँपपेपरवर ठरलं की सकाळ क्वार्टरची, संध्याकाळ गल्लीची, दुपारी पंपाला विश्रांती. मुलींचा उल्लेख कुठेच नाही. बेल उचलल्याशिवाय गल्लीत कोणताही शब्द पक्का धरत नाहीत, म्हणून चौघे महादेवाच्या देवळात गेले, तळहातावर बेलाचं पान ठेवून शपथ घेतली, फोटो काढला, पेढे वाटले. मला हे शिपायाने पेढा आणून दिला तेव्हा कळलं.

मी तशीच प्राचार्यांकडे गेले. "मुलींचं काय?"

"आठ-पंधरा दिवस घरी पाठवा. टँकर सुरू झाले की बोलावू. सगळ्यांच्या भल्याचंच केलंय, बाई."

"परीक्षा महिन्यावर आलीय. मला बोलवायचं तरी होतं."

"तुम्ही तासावर होता ना."

"कशाचा तास होता ठाऊक आहे? म्युनिक कराराचा. चार देश बसले आणि पाचव्याचा मुलूख तोडून दिला. ज्याचा तोडला त्याची दोन माणसं हॉटेलात बसवून ठेवली होती. त्यांना मध्यरात्रीनंतर निकाल सांगितला."

"अरे वा!" प्राचार्य खूश झाले. "काय योगायोग बघा!"

या माणसाशी बोलण्यात अर्थ नव्हता. मी कागदाची नक्कल मागून घेतली, तीनदा वाचली आणि पहाटे चाळीस मुलींना बादल्यांसह रांगेत उभं केलं. संध्याकाळीही तेच. आप्पा तरातरा आले.

"ओ बाई, हे काय करून राहिलात? ही आमची येळ हाय."

"हाय ना. पण मुलींना मनाई कुठे लिहिलीय ते दाखवा."

आप्पांनी कागद उलटापालटा केला. मनाई कुठून असणार? चौघांना मुलींची आठवणच झाली नव्हती.

"आवो, पण बेल उचललाय आमी!"

"तुम्ही उचललात. आम्ही कुठे होतो?"

त्यांच्या मागे दोन घागरी घेतलेली त्यांची सून फिसकन हसली. "मामंजी, सरा बरं बाजूला. तुमचा बेल तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. एक घागर पोरींची, एक आपली. त्यात काय लई अवघड हाय?"

दोन मिनिटांत ठरलं. दुसऱ्या दिवशी क्वार्टरच्या बायकाही त्याच रांगेत आल्या. सही नाही, शपथ नाही, पेढा तर नाहीच. पंपाला पाणी होतं तोवर ती रांग एकदाही मोडली नाही.

पण चौघांची कार्यतत्परता मी कमी लेखली होती. सह्यांच्या दिवशीच प्राचार्यांनी चाळीस घरी कार्डं टाकली होती, वसतिगृह बंद होत आहे, मुलीस घेऊन जावे. मी लगेच दुसरी चाळीस टाकली, पण तिघे बाप त्याआधीच निघाले होते. दोघांना मी पंप हापसून पाणी दाखवलं आणि परत पाठवलं. तिसरा आला तेव्हा मी तासावर होते. लोह्याकडची मुलगी. म्युनिकच्या तासाला तिनेच विचारलं होतं, "पण बाई, त्या देशाने ऐकलंच कसं?" मी म्हटलं होतं, उद्या सांगते. ती पेटी घेऊन फाटकाबाहेर पडली तेव्हा पंपावर मुली पाणी भरत होत्या.

तिच्या वडिलांना मी दोन पत्रं पाठवली. पाणी आहे, परीक्षेपुरती तरी पाठवा. उत्तर म्हणून पत्रिका आली, चारी कोपऱ्यांना हळद लावलेली.

माझ्या वहीत एकोणचाळीस नावांपुढे परीक्षेचा बैठक क्रमांक आहे. चाळिसाव्या नावापुढे लिहायला काही नव्हतं. ती पत्रिका मी कराराच्या नकलेला टाचली आणि प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती नीट वाचली.

"अरे वा," ते म्हणाले, "जायला पाहिजे."