वरचा रुपया

धर्मराज अण्णांची शाळा मुरबाडकडच्या एका खेड्यात, मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर भरायची. गुरुजी एकच, चारही वर्ग एकत्र, आणि बेरजेला चिंचोके. बेरीज चुकली की गुरुजी मारत नसत, म्हणत, "घरी जा, म्हशी मोजून ये." एकदा अण्णा गेले आणि शेजाऱ्याच्या दोन म्हशी धरून मोजून आले. तर ते असो. तेवढ्या शिदोरीवर माणसाने अंबरनाथच्या कारखान्यात फिटरची नोकरी केली, कात्रपला फ्लॅट घेतला आणि मुलाला इंजिनीअर केलं. तेव्हा पहिलीतल्या राजसीला बेरीज शिकवणं म्हणजे त्यांच्या हातचा मळ.

पण सूनबाई शलाका ऑफिसातून आली ती राजसीची वही हातात घेऊनच. "अण्णा, परत तेच, बेरजा चुकल्यात. रविवारी मी स्वतः विचारणार. नाही जमलं तर सोमवारपासून क्लास. सहा ते सात."

सहा ते सात. नातीबरोबरचा अण्णांचा दिवसातला एवढाच वेळ.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चिल्लरचा डबा चटईवर ओतला. "तीन रुपये नि चार रुपये?"

"सात."

"सहा नि तीन?"

"नऊ."

अण्णा खूश. पोरगी हुशार आहे, शाळेलाच कळत नाही. "बरं, पाच नि पाच?"

"अकरा."

अण्णांनी पाच रुपयांची दोन नाणी काढून त्यांच्या जागी एकेक रुपयाची दहा मांडली. राजसीने बोट ठेवून मोजली, बरोबर दहा. मग डब्यातून आणखी एक नाणं काढून वर ठेवलं. "अकरा."

"हे कुठनं आलं?"

"ते ठेवायचं असतं."

"कोण म्हणतं?"

तिने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू आजोबा मस्करी करतायत. सहा नि चार, अकरा. आठ नि दोन, अकरा. दहा नि दहा विचारलं तर एकवीस. मधल्या सगळ्या बेरजा मात्र चोख. अण्णांना वाटलं, आपल्याच डोक्यात काहीतरी सैल झालंय. त्यांनी स्वतः मोजलं, चष्मा लावून मोजलं, नाणी भिंतीशी रांगेत लावून मोजलं. दहाच.

उमाबाई भाजी निवडत होत्या. "अहो, बेळवलीला आपल्या भाच्याच्या, अक्षयच्या लग्नात आहेराची पाकिटं कोणी भरली?"

"मी."

"आणि मांडीवर कोण होतं?"

अण्णांचा हात थांबला. त्या दिवशी प्रत्येक पाकिटात पैसे घालताना ते राजसीला सांगत होते, "शंभरावर एक, पाचशेवर एक. नुसतं शून्य देऊ नये बाळा, वर रुपया ठेवावा." आणि तो रुपया राजसीच्याच हाताने ठेवला होता. शून्यावर थांबायचं नाही हे पोरीने जन्माचं घोकलं होतं.

"हात्तिच्या," म्हणून ते तिच्याकडे वळले. "अगं, तो रुपया शकुनाचा. बेरजेत धरायचा नाही."

"मग आहेर पाचशेचा की पाचशे एकचा?"

"पाचशे एकचा."

"म्हणजे धरला."

अण्णांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "तो देताना धरायचा. शाळेत नाही."

"शाळेत शुभ नको?"

सगळा आठवडा अण्णा तोच रुपया ठेवत नि काढत बसले. चक्कीवाल्याला विचारलं, देवळातल्या पुजाऱ्याला विचारलं. सगळे ठेवतात, का ते कोणी सांगेना.

रविवारी शलाकाने चहाचा कप बाजूला ठेवून विचारलं, "राजसी, पाच नि पाच?"

राजसीने उलट विचारलं, "शाळेचे का लग्नाचे?"

"म्हणजे?"

"शाळेचे दहा. लग्नाचे अकरा."

शलाका हिशेबाच्याच खात्यात काम करणारी. म्हणाली, "राजू, बेरीज एकच असते. तो रुपया वेगळा, टोटलमध्ये नाही."

"मग पाकिटावर एकशे एक का लिहिता?"

"कारण... ते... एकूण तेवढे होतात ना."

"मग टोटलमध्येच आहे की."

शलाकाने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी छताकडे. उमाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आता दोघांना क्लास लावा."

"अण्णा, तुम्हीच सांगा ना हिला," शलाका म्हणाली. "मला तर आता माझंच कळेना."

"मला तरी कुठं कळतंय," अण्णा म्हणाले. "पण बेरीज तर आली की नाही? शाळेत दहा लिहील ती."

शलाकाने वही मिटली. मग फोन उचलून क्लासच्या बाईंना सांगितलं, की सध्या नको. फोन ठेवताना म्हणाली, "पण अण्णा, हे लग्नाचं परीक्षेत येता कामा नये हं."

अण्णांनी मान डोलावली. चटईवर राजसी तोपर्यंत वीस नाणी मांडून बसली होती आणि एकविसावं हातात धरून विचारात पडली होती. अण्णाही शेजारी बसले, तसेच विचारात.