खोलीची सोडचिठ्ठी

शैलाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "आई गेली गं," एवढंच म्हणाली. जुडी खाली ठेवली आणि मला रडूच कोसळलं... कुसुमकाकू नात्याने आमच्या कोणीच नव्हत्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, लग्न झाल्या झाल्या, नाशिकच्या सिडकोतल्या त्यांच्या वरच्या खोलीत आम्ही जेमतेम पाच महिने भाड्याने राहिलो. पण सख्खी मावशी गेली तेव्हाही मी इतकी रडले नव्हते, खोटं कशाला बोलू!

काकू मूळच्या सायखेड्याच्या. नवरा गेल्यावर त्या खोलीच्या भाड्यावरच त्यांचं नि शैलाचं, मायलेकींचं चाले, त्यामुळे व्यवहाराला कडक. स्टँपपेपरवर अकरा महिन्यांचा करार; मधेच सोडलं तर डिपॉझिट बुडालं. "मागून रडगाणं नको हां," असं सहीच्या वेळीच बजावलेलं. आणि चौथ्या महिन्यात जवळच्याच अंबडच्या कारखान्यातून ह्यांना कमी केलं. भाडं झेपेना. सटाण्याला सासरी जायचं ठरलं, पण डिपॉझिट बुडालं तर दुसरं काम मिळेपर्यंत खायचं काय? हे इतके भिडस्त, की समोर जाऊन बोलायची छाती होईना. एका सकाळी काकूंच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली आणि वर येऊन गपगुमान दाढी करायला बसले.

कारखान्यात कामावरून काढल्याच्या कागदाला सगळे थट्टेने सोडचिठ्ठी म्हणायचे. ह्यांना वाटलं, खोली सोडायची चिठ्ठी तीही सोडचिठ्ठीच. तोच मथळा दिला शहाण्याने! खाली लिहिलं, 'आता खर्च झेपत नाही, करार मोडत आहे, दिलेले पैसे परत मिळावेत.'

काकू पदर खोचून जिना चढून आल्या. "लग्नाला वरीस नाय झालं अन् सोडचिठ्ठी? वर पैसे मागतो? लाज हाय का काही?" ह्यांच्या तोंडाला साबण, बोलणार काय कपाळ! मग माझा हात धरून म्हणाल्या, "पोरी, तू कुठं जायचं नाय. खोली तुझी. भाडं मागायची नाय मी."

"अहो काकू, सोडचिठ्ठी मला नाही, खोलीला आहे!"

आधी मी हसले, मग त्या हसल्या... आणि मग त्यांचा चेहरा उतरला. डिपॉझिट स्लॅबच्या गळतीत कधीच खर्च झालं होतं. करारावर बोट ठेवून त्या मोकळ्या झाल्या असत्या, आम्ही काय करणार होतो? त्या जिन्याच्या पायरीवर टेकल्या. मग म्हणाल्या, "मघाशी फुकट राहा म्हणणारी मीच ना? आता करार आठवून मागं कशी फिरू?"

पुढचे पंधरा दिवस भर उन्हात त्या भाडेकरू शोधत हिंडल्या. नव्याचं डिपॉझिट आलं, ते तसंच माझ्या ओंजळीत ठेवलं. त्यावर आम्ही तगलो. वर्षभरात ह्यांना पुन्हा नाशकातच काम लागलं, आणि काकूंकडे जाणं-येणं कायमचं झालं.

तेराव्यानंतर शैलाकडे, काकूंच्या त्याच घरी गेलो, तर वरची खोली बघायला एक नवं जोडपं आलेलं. शैलाने कराराचा नमुना पुढे केला. आम्ही खोली सोडल्यावर काकूंनी वकिलाशी भांडून त्यात एक कलम घालून घेतलं होतं, ते आम्हाला त्या दिवशी कळलं : 'अडचण आल्यास चिठ्ठी लिहू नये. खाली येऊन तोंडाने सांगावे.'

"हे काय?" त्या नवऱ्याने गोंधळून विचारलं. शैलाला हुंदकाच फुटला. मी सांगणार, तोच आमचे हे, चारचौघांत आयुष्यभर तोंड न उघडलेले, खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "थांबा, मी सांगतो..."