गाडीची कूस

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमच्या घरात बुद्धाची मूर्ती, आणि मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. पोरांनी वर्गात चकव्याच्या गोष्टी काढल्या की दम द्यायला मीच पुढे. आता हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण मनात ठेवूनही चालत नाही.

तेव्हा तेलंगण वेगळं झालं नव्हतं. आमचं घर आदिलाबादला, रेल्वे स्टेशनच्या मागे, आणि माझी शाळा तामसीला. आमचे हे कचेरीच्या जीपवर ड्रायव्हर. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी कार घेतली आणि सवत आणून बसवावी तशी माझ्या दारात उभी केली! कधीमधी बासरला गोदावरीवर, नाहीतर एखाद्या खेड्यात जायचो; एरवी ती आपली शेडमध्येच. पण तिच्या चाकांचे जेवढे लाड झाले तेवढे माझे कधी झाले नाहीत. पावसाळ्यात खेड्यातून आले की जेवायच्या आधी रिममधली काळी माती काडीनं कोरून काढायचे. "वाळली का चाक थरथर करते," म्हणायचे. खड्डा दिसला की गाडी बैलगाडीच्या चालीनं काढायचे, का तर रिम वाकेल.

आणि रविवारचा तो सोहळा! गाडी एकाच जागी उभी राहिली की टायर खालून बसतो, चपटा होतो. म्हणून टायर जमिनीला टेकतो तिथे टायरवरच माझ्या शाळेच्या खडूनं एक रेघ मारायची. पुढच्या रविवारी मी स्टेअरिंगवर आणि हे मागून लोटणार, हातभर. एकदा पुढे, एकदा मागे. रेघ वर गेली की पुसून खाली नवी मारायची आणि चाकाच्या दोन्ही बाजूंना विटा घट्ट लावायच्या. याला ते 'गाडीची कूस बदलणं' म्हणायचे. मी आरशात पाहिलं की ओरडायचे, "मांगं काऊन पाहून राह्यली? मी आहो ना मांगं! स्टेरिंग सिद्दी धर."

मग त्यांना लकवा झाला. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून मी सारखी त्यांची कूस बदलत असायची. तर हे जड जिभेनं विचारतात, "गाडीची कूस कोन बदलीन?"

"अवो, आधी तुमची तर बदलू द्या!" मी खेकसले. अर्ध्या तोंडानं हसले. त्याच आठवड्यात गेले.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, आमचा मुलगा मिलिंद हैदराबादला नोकरीवर परत गेला. घर इतकं गप्प झालं की कुकरच्या शिट्टीनं मी दचकायची. भात मात्र दोघांचाच लावायची. एका रविवारी सवयीनं शेडमध्ये गेले, खडूची रेघ मारली, विटा लावल्या, कुलूप घातलं. गाडी लोटणं माझ्या एकटीच्यानं होणारच नव्हतं.

पुढच्या रविवारी झाडायला गेले तर रेघ वर आलेली. गाडी हातभर पुढे.

म्हटलं, आपलंच काहीतरी चुकलं असेल. पुसली, परत मारली. त्याच्या पुढच्या रविवारी गाडी मागे! असं होतच राहिलं. कुलूप जसंच्या तसं, किल्ली माझ्या कमरेला. मिलिंद फोनवर म्हणाला, "आई, उतार असेल." मी शेडमध्ये बादलीभर पाणी ओतून पाहिलं — जागच्या जागी थांबलं. आणि समजा, गाडी आपोआप घरंगळली. मग विटा? त्या मागे राहायला नकोत का? त्या दर वेळी नव्या जागी, चाकाला घट्ट चिकटून लावलेल्या असायच्या... त्यांच्याच पद्धतीनं.

खरं सांगू? मला भीती वाटली नाही. मी रविवारची वाट पाहायला लागले.

मिलिंद दिवाळीला आला तो ठरवूनच. "गाडी विकून टाकू, तू माझ्याकडे चल." मेकॅनिकला बोलावलं. त्यानं वाकून चारी टायर पाहिले. "मॅडम, ये गाडी खडी थी बोल रहे? खडी गाडी का टायर नीचे से बैठ जाता. ये तो एकदम गोल है!"

गिऱ्हाईक मिळेपर्यंत टायर खराब नको म्हणून मिलिंदनं गाडी चार स्टँडवर चढवायला लावली. चाकं अधांतरी. आता कूस बदलायचं कामच उरलं नाही.

रविवार आला. रेघ होती तिथेच. पुढच्या रविवारीही तिथेच. त्या दिवशी मी शेडच्या उंबऱ्यावर बसून पोटभर रडले. ते गेले तेव्हाही अशी रडले नव्हते. तेव्हा घरात माणसं होती, चहा होता, धीर देणारे होते. आता कोणीच नव्हतं, आणि तेही नव्हते.

सोमवारी मेकॅनिकला निरोप धाडला. "उतारो गाडी."

"काय को मॅडम? अच्छी तो है."

"उतारो बोली ना!"

त्या रविवारी सकाळी शेड उघडली. विटा मीच काढल्या. गाडी न्यूट्रलला टाकली आणि पहिल्यासारखी स्टेअरिंगवर बसले. बाहेर भाजीवाली ओरडत होती, ऊन पडलं होतं. मला माझीच लाज वाटली... तरी बोलले, "अवो, बसली मी. लोटा."

थोडा वेळ काहीच नाही. मग गाडी हलली, सावकाश, हातभर.

मिलिंद अजून विचारतो, आई, हैदराबादला काऊन नाही येत? काय सांगू त्याला? गाडी कोण लोटतं याचं उत्तर माझ्या विज्ञानात नाही, आणि दुसरं कुठलं मी शोधलंही नाही. त्या रविवारी गाडी हलली तेव्हा आरसा डोळ्यांसमोरच होता, नुसती नजर वर करायची होती.

मी मागे पाहिलं नाही. स्टेअरिंग सरळ धरलं.