कोठीतलं गरम वारं

मळवली स्टेशनापासून आत, भातखाचरांमधून जाणाऱ्या रस्त्याने आम्ही एकदा नेटवर्कचा रॅक खांद्यावरून नेला आणि वाटेतल्या लोकांनी टोप्या काढून हात जोडले.

रिसॉर्टचं काम होतं. मुंबईची एक सॉफ्टवेअर कंपनी पावसाळाभर आपली माणसं आळीपाळीने तिथे ठेवणार होती. धुकं बघायचं, भजी खायची आणि मधल्या वेळात कामही करायचं, असा बेत. म्हणजे प्रत्येक बंगल्यात नेट हवं, व्हरांड्यात हवं, झोपाळ्यावर तर हवंच हवं. सगळीकडच्या वायरी आणून ज्या चपट्या यंत्रात खुपसायच्या, त्याला आमच्या धंद्यात स्विच म्हणतात, आणि असे स्विच एकावर एक बसवायचं लोखंडी कपाट म्हणजे रॅक. मी देहूरोडची. डिप्लोमा करून या कामाला लागले तेव्हा आई शेजारणींना सांगायची, पोरगी कॉम्प्युटरवर आहे, एसीत बसून असते. त्या पोरीचे गुडघे बघितले असते तर शेजारणींनी विश्वास ठेवला नसता.

माझ्या जोडीला काका. नात्याने कोणी नव्हेत, पण ऑफिसात सगळेच त्यांना काका म्हणायचे. फौजेत उभी हयात वायरी ओढून रिटायर झालेले, मिशा अजून हजेरीवर. त्यांना विचारलेल्या प्रश्नाचं नेमकं उत्तर देण्याची सवय होती, आणि तिनेच त्या दिवशी घोळ घातला.

गावाबाहेरची मोरी खचली होती. टेम्पो पुढे जाईना. भातलावणी करणाऱ्या चौघांना विनवून आम्ही रॅक उतरवला, स्विचची खोकी आतच बांधली, भिजू नये म्हणून सगळ्याला पांढरं प्लॅस्टिक गुंडाळलं आणि दोन बांबूंना आडवा बांधून उचलला. चौघांनी चहाची अट घातली होती, म्हणून काका पुढे चालत होते आणि त्यांच्या हातात दोरीने टांगलेली किटली होती. किटलीतून वाफ निघत होती. मागून छत्री धरून, मान खाली घालून मी. मान खाली, कारण चिखल होता.

पहिल्या वळणावर एक आजोबा बांधावरून उतरले. टोपी काढली, हात जोडले आणि काकांना हळूच विचारलं, “कोन गेलं वो?”

पावसाच्या आवाजात काकांना ‘काय नेलं’ असं ऐकू आलं. ते म्हणाले, “चोवीसचे दोन, आठचा एक.”

“आठाचा?” आजोबा कळवळले. “आरारारा! आन त्ये दोगं तरनीताटी! एकदमच?”

“एकदमच,” काका म्हणाले. “एकाच ऑर्डरमध्ये आलेत.”

आजोबा चार पावलं आमच्याबरोबर चालले. मग मलाच राहवेना. मी त्यांना गाठून सांगितलं, “आबा, कोणी गेलेलं नाही. चोवीस वायरींची दोन यंत्रं आणि आठ वायरींचं एक. इंटरनेटसाठी.”

आजोबांनी टोपी परत डोक्यावर घातली. मेलं कोणी नाही याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसला नाही. “मंग पांडऱ्यात कशापायी गुंडाळलं?” ते म्हणाले. “लोकान्ला कामं न्हाईत व्हय?” आणि ते चिडून खाचरात परतले.

रिसॉर्टवर पोहोचलो तर रॅक ठेवायला जागाच नाही. मॅनेजरने ऑफिस दाखवलं, तिथे कोपऱ्यात बादली ठेवली होती आणि छतातून तिच्यात थेंब पडत होते. जिन्याखाली शेवाळ. आषाढात मळवलीत कोरडी खोली सापडणं कठीणच. शेवटी मॅनेजर म्हणाला, मागे मावशींची कोठी आहे, ती तेवढी कोरडी असते.

मावशी आणि त्यांचे यजमान तिथे राखणीला होते, मुलगा, सून आणि नातवंडांसकट. कोठीत त्यांचे तांदूळ, कांदे आणि लाकडी पेटी. मावशी दारात उभ्या राहिल्या.

“ह्ये आत येनार?” त्यांनी रॅककडे बोट केलं.

“हो मावशी. मागे जायला वाट सोडून एका बाजूला ठेवू. तुमच्या तांदळाला हात लावणार नाही.”

“खातंय काय?”

“लाइट.”

“मंग येऊ द्या,” मावशी म्हणाल्या. “तांदूळ खात नसलं म्हंजे झालं.”

रॅकमध्ये स्विच बसवायचा म्हणजे आधी केज नट बसवायचे. चौकोनी भोकात स्प्रिंग दाबून अडकवायची ही एवढीशी चीज. ती एकतर बोट कापते किंवा उडून जाते. आमच्या बाबतीत तर दोन्ही झालं. उडालेले नट कांद्यात गेले. मग काका आणि मी कांदे उपसत बसलो आणि मावशी वर उभं राहून, “त्यो सडका बाजूला काडा, त्योबी काडा,” असं सांगत राहिल्या. नट सापडले तोवर त्यांचे सगळे कांदे निवडून झाले होते.

खरा सोहळा पुढे होता. काकांचं ड्रेसिंग. नुसत्या वायरी खुपसल्या तरी नेट चालतंच; पण काकांना त्या रांगेत लागायच्या. निळ्या निळ्यांबरोबर, पांढऱ्या पांढऱ्यांबरोबर, वळणावर सगळ्यांनी एकदम वळायचं. एक जरी वायर दुसरीच्या अंगावर गेली की अख्खा जुडगा सोडायचा. “सीधी लाइन!” ते वायरींना दरडावायचे. “ही कोण मध्येच घुसली? बाहेर!” माझ्याकडून एक वायर वेडीवाकडी गेली की माझ्याकडे न बघता त्या वायरीकडे बघून सुस्कारा टाकायचे. त्याचा मला जास्त राग यायचा.

मावशी सूप घेऊन तांदूळ पाखडत हे सगळं बघत होत्या. मध्येच मला म्हणाल्या, “लगीन झालं का गं तुजं?”

“नाही मावशी.”

“मंग ह्या वायरीन्ला कशापायी एवडं नटवतीस? त्यान्ला कोन बगाया येनारंय?”

काका दुखावले. “मावशी, साहेब येणार आहेत बघायला,” ते म्हणाले. “मुंबईचे. पास केलं तरच काम पुरं.”

“तसं म्हना की,” मावशी म्हणाल्या आणि त्यांनी खोली झाडून घेतली.

संध्याकाळी स्विच चालू केले. हिरवे दिवे लुकलुकले, मागचे पंखे घुर्रर्र करून फिरायला लागले. मावशींनी मागे जाऊन पंख्यासमोर हात धरला. बराच वेळ धरला. “गरम वारं येतंय की गं,” त्या म्हणाल्या. मी खूश होऊन त्यांना समजावलं, की यंत्र तापतं, म्हणून पंखा आतली गरमी बाहेर फेकतो, रात्रंदिवस. “रातंदिस?” मावशींनी विचारलं. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

कंपनीची माणसं येऊन राहिली आणि आठवडा उलटायच्या आत मॅनेजरचे फोन सुरू झाले. सकाळी मिटिंगा सुरू झाल्या की नेट जातं, दुपारी जेवणानंतर आपोआप येतं. काकांनी आधी विजेवर संशय घेतला, मग दमटपणावर, मग खुद्द मॅनेजरवर. नोंदी काढून बघितल्या तर स्विच तापून तापून स्वतःच बंद पडत होता. बाहेर इतका गारठा की माणसं स्वेटर घालून बसलेली, आणि आमचं यंत्र उष्माघाताने आडवं. शिवाय मुंबईचे साहेब तपासणीला यायची तारीख ठरली होती. त्याच दिवशी सकाळी आम्ही लोकल धरून मळवलीला निघालो.

स्टेशन ते रिसॉर्ट पावसाने आम्हाला अक्षरशः धुतलं. माझ्याकडे रेनकोट होता. काकांनी फौजेत असताना कधी रेनकोट घातला नव्हता, म्हणून आताही घातला नव्हता. मावशींनी त्यांना दारातच अडवलं.

“फौजी, कापडं काडा आदी. बाधंल. मी वाळवून देते.”

“राहू दे मावशी, या पावसात काय वाळतंय?”

“तुमी द्या तर!”

काका मावशींच्या यजमानांचा लेंगा आणि सदरा घालून बाहेर आले. यजमान ठेंगणे, काका उंच. लेंगा पोटरीवरच संपला होता. अशा अवतारात आम्ही चुलीपुढे बसून चहा घेतला. नेट तेव्हा झकास चालू होतं. काका म्हणाले, “बघितलंस, आपण आलो की शिस्तीत असतं.”

दुसरा कप ओतला आणि मॅनेजर ओरडत आला. “गेलं! परत गेलं!”

आम्ही कोठीकडे धावलो. दार उघडलं तर रॅकच दिसेना. रॅकच्या जागी कपड्यांचा डोंगर. मागचं झाकण काढून भिंतीला टेकवलेलं. वर गोधडी, बाजूला नातवंडांचे शाळेचे शर्ट, बनियनं, परकर, आणि बरोबर मधोमध, पंख्याच्या जाळीवर चापून बसवलेली, इस्त्रीसारखी सपाट केलेली काकांची पँट.

नेट कशाने गेलं हे समजायला नोंदी बघायची गरज नव्हती.

काका बोलायला लागले. हिंदीत सुरुवात केली, कारण रागावायचं ते हिंदीतच. यंत्राचा श्वास कोंडणं म्हणजे काय, ड्युटीवरच्या माणसाच्या नाकावर गोधडी टाकली तर काय होईल, सगळं सांगितलं. पण पोटरीपर्यंतच्या लेंग्यात ते म्हणावं तसं वठेना. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं.

“चार चार दिस कापडं वाळंनात वो भाऊ,” त्या म्हणाल्या. “पोरं वलीच कापडं घालून शाळंत जात्यात. आन ह्ये वारं भिंतीकडं वाया चाललंय. म्या म्हनलं, लागू द्या कुनाला तरी.”

मी कपडे उतरवले, जाळी मोकळी केली. स्विच गार होऊन पुन्हा सुरू झाला. मॅनेजरने हुकूम सोडला, कोठीला कुलूप घाला, किल्ली माझ्याकडे द्या. मावशी कपड्यांचा ढीग उचलून निघाल्या. त्या ढिगात काकांची पँट होती, अजून अर्धी ओली. आणि साहेब दुपारी येणार होते.

काका दारात उभे राहून एकदा मावशींकडे, एकदा स्वतःच्या पोटऱ्यांकडे बघत होते. मग त्यांनी मॅनेजरला सांगितलं, “थांबा जरा.” रॅकच्या मागे गेले, पंख्यासमोर तळहात धरला आणि एकेक पाऊल मागे सरत गेले. मग मला म्हणाले, “पोरी, हवा इथवर येते. इथे काही टांगलं तर जाळी कोंडत नाही. तुझं काय मत?”

मी हात लावून बघितलं. तापमान मोबाइलवर बघत बसले. हलेना. “माझीही हरकत नाही काका,” मी म्हणाले. पंख्यांपासून हात दोन हात लांब, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आम्ही दोरी बांधली. पहिली पँट काकांची. मग गोधडी. मग शाळेचे शर्ट, खांदे एका रेषेत. काकांनी ती रांगही दोनदा सोडून पुन्हा लावली.

साहेब वेळेआधीच आले. गोरेपान, चष्म्यावर पाऊस, बुटांतून पचपच आवाज. रॅकसमोर उभे राहिले आणि वायरी बघून खरंच खूश झाले. “वा! असं काम हल्ली बघायला मिळत नाही,” म्हणाले. काका लेंग्यात फुलले. मग साहेब म्हणाले, “मागून बघू.”

मी तेवढ्यात पाणी विचारलं, चहा विचारला. साहेब मागे गेलेच.

पंखे तेवढे घुरघुरत होते.

“हे काय आहे?” साहेबांनी विचारलं.

“सर, मागच्या बाजूने गरम हवा निघते,” मी म्हणाले.

“ते मला माहीत आहे. पँट कुणाची?”

काकांनी टाचा जुळवल्या. “मेरी है, सर.”

साहेबांनी त्यांच्याकडे वरपासून पोटरीपर्यंत पाहिलं. मग गोधडीला हात लावला, उलटा हात फिरवून दुसऱ्या बाजूनेही बघितलं. मोबाइलवरचं तापमान मागितलं, ते मी दाखवलं. ठीक होतं. मी मनात दुसरी नोकरी शोधायला लागले होते. साहेब खाली वाकले. मला वाटलं जमिनीवरची वायर बघतायत. ते बुटाची नाडी सोडत होते.

“मोजे चालतील का?” त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

“चालतील की,” दारातून मावशी म्हणाल्या. “पन पिळून द्या.”

तपासणीच्या अहवालात साहेबांनी लिहिलं, की मागील बाजूस हवेसाठी पुरेशी मोकळी जागा राखण्यात आली आहे. काम पास झालं. कुलपाचा विषय मॅनेजरने परत काढला नाही. परतीच्या वाटेला लागताना मी बघितलं, त्याचाही टॉवेल दोरीवर आला होता. काका आपली वाळलेली पँट घालून स्टेशनकडे निघाले आणि खिशात हात घालून म्हणाले, “अजून गरम आहे गं.” अर्ध्या वाटेत पुन्हा भिजले, पण गप्पा मारत भिजले.

नेट त्यानंतर गेलं नाही. यंदा पाऊस लागल्यावर मावशींचा फोन आला. मला धडकीच भरली. म्हटलं, काय बंद पडलं?

“बंद न्हाई काय,” मावशी म्हणाल्या. “माजी भन हाय वडिवळ्याला. तिच्याकडं असलंच एक बसवून देती का? ल्हानगं चालंल.”

“मावशी, त्यांच्याकडे कॉम्प्युटर आहे का?”

“न्हाई.”

“मोबाइलला नेट हवंय का?”

“नेट नगं गं,” मावशी म्हणाल्या. “नुसतं वारं येनारं बग.”