पडद्याच्या मधोमध

शिमोग्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला लोक डॉक्टर समजतात, आणि डॉक्टरशी बोलतात तितकंच खोटं माझ्याशी बोलतात. "मी काही केलं नाही हो, आपोआप बंद पडला." हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. तरी शेषगिरी मेष्ट्रांसारखं खोटं माझ्याशी कुणी बोललं नाही. मेष्ट्रे म्हणजे आमच्याकडचे मास्तर; जन्मभर हायस्कुलात कन्नड शिकवलेला, सरळमार्गी माणूस. त्यांना खोटं बोलताही येत नव्हतं, म्हणून तर मला ते पकडायला इतका वेळ लागला.

निवृत्तीनंतर मेष्ट्रे बंगळुरातल्या एका प्रकाशकासाठी मुद्रितं तपासायचे. लॅपटॉपवर पानं येत, हे चुका काढून परत पाठवत. लहान पडद्यात डोकं घालून त्यांची मान धरते म्हणून यमुनक्कांनी, त्यांच्या बायकोनं, हट्टानं एक मोठा पडदा घ्यायला लावला. तो माझ्याच दुकानातून गेला. त्या नवरात्रानंतर थोड्याच दिवसांत यमुनक्का गेल्या. पाठीमागे मूलबाळ नाही. भांडायला कुणी उरलं नाही, तेव्हा मेष्ट्रे बोलायचेच थांबले.

घरात फोन वाजायचा तो चैत्राचा. ही प्रकाशकाकडची मुलगी रोज सकाळी पानांची चौकशी करायची. त्या फोनसाठी मेष्ट्रे दाढी करून, शर्टाची बटणं लावून बसत. एकदा मी म्हटलंसुद्धा, "मेष्ट्रे, फोनवर दाढी दिसत नाही." तर म्हणाले, "आवाजात दिसते."

तर या मेष्ट्रांनी एक दिवस मला बोलावणं धाडलं. मोठ्या पडद्यावर अक्षरं फुटतात, अंधुक दिसतात.

"चैत्रा म्हणाली, सर, फार चुका सुटतायत," कॉफीचा पेला माझ्यापुढे ठेवत ते म्हणाले. "या पुस्तकातही सुटल्या तर पुढचं काम दुसऱ्या कुणाला देणार आहेत. तिचा दोष नाही. डोळेच गेले माझे."

टेबलावर दोन चष्मे होते, दोन्ही नवे.

"डोळे गेले तर मला कशाला बोलावलंत? मी काय बुबुळाला स्क्रू लावू?"

"बघा तर खरं. वायरबियर सैल झाली असेल."

कामाची पानं मी आधी लॅपटॉपवर पाहिली. बारीक होती, पण सुईच्या टोकासारखी स्वच्छ. तीच मोठ्या पडद्यावर पाहिली तर ओल्या कागदावर शाई फुटावी तशी. कारण लगेच सापडलं. लॅपटॉपवर जे दिसतं तेच हुबेहूब मोठ्यावर दाखव, असं ठरवून ठेवलेलं होतं. म्हणजे लहान पडद्याचं माप मोठ्यावर ताणलं जात होतं. लहान भावाचा सदरा थोरल्याला घातला की शिवण उसवणारच. मी मोठ्याला त्याचं स्वतःचं माप दिलं, अक्षराचा आकार वाढवला, वायर काढून पुन्हा घट्ट बसवली.

अक्षरं उभी राहिली. मी ऐटीत मागे सरकलो.

"झालं! आता चष्मे विकून टाका."

मेष्ट्रे पुढे वाकले. बराच वेळ पाहून म्हणाले, "बरंच बरं आहे. पण धुकं आहे अजून."

धुकं होतंच. सगळ्या पडद्यावर एक दुधी साय धरलेली, आणि मधोमध कुंकवाचा मोठा ठिपका, खाली हळदीचा. तो ठिपका मी आल्यापासून पाहत होतो, पण त्याचं मला काही वाटलं नाही. आमच्या गावात नवरात्रातल्या आयुधपूजेला स्कूटर, मिक्सर, शिलाई मशीन, कशालाच बायका सोडत नाहीत, आणि लावलेलं कुंकू वर्षभर कुणी पुसत नाही. माझ्या पकडीलासुद्धा आहे. पण वाचायच्या पडद्यावर नाकासमोर ठिपका म्हणजे अतिच झालं. मी तो खरवडायला नख पुढे केलं.

"हात लावू नका!"

मेष्ट्रे असे ओरडले की माझा पेला हिंदकळला. वर्गातसुद्धा ते कधी ओरडले नसतील.

मी हात मागे घेतला, आणि नख कोपऱ्याला अडकलं. तिथून काहीतरी उचकटलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पडद्यावरचं कारखान्याचं पातळ प्लास्टिक कुणी काढलेलंच नव्हतं! आमच्या लोकांची ही जुनी खोड. सोफा फाटतो, पण सोफ्यावरचं प्लास्टिक टिकतं. कापराचा धूर बसून आणि रोज कोरड्या फडक्यानं पुसून पुसून ते प्लास्टिक पार धुरकटलं होतं. फक्त ठिपक्याभोवती पुसलेलं नव्हतं.

"अहो मेष्ट्रे, हे प्लास्टिक! डोळे ठणठणीत आहेत तुमचे. हे ओढलं की संपलं."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आनंद नाही, आश्चर्यही नाही. तेव्हा कुठे मला कळलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"पहिल्या चष्म्याच्या वेळीच कळलं होतं," ते म्हणाले. "पडदा आणला त्याच दिवशी मी काढत होतो. ती म्हणाली, नवी वस्तू आहे, पूजा होऊ दे. पूजा झाली तर म्हणाली, एवढी कसली घाई, संक्रांतीला काढू. संक्रांतीपर्यंत ती राहिलीच नाही. बोट तिचं आहे ते, महेंद्रकर. घरात तिचं बाकी सगळं दिलं-घेतलं. हे राहिलं."

"आणि अक्षरं?"

"ठिपक्याखाली शब्द आला की पान वर सरकवून वाचतो. सवय झालीय."

"मग मला कशाला बोलावलंत हो?"

मेष्ट्रांनी दोन्ही चष्मे उगाच उचलून पुन्हा शेजारी शेजारी ठेवले.

"वाटलं, तुम्हाला दुसरा काही दोष सापडेल."

सापडायला दुसरा दोष होताही. तो मी काढला होता, आणि तो पुरला नव्हता. मी अवजारं पिशवीत भरू लागलो. जसं आहे तसंच चालू द्यावं, असं मला खरोखर वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. मेष्ट्रांनी आधी कॉलर सारखी केली. "हो चैत्रा... नाही, अजून नाही... आज पाठवतो. नक्की पाठवतो." फोन ठेवून ते पडद्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्ही नको. मी काढतो."

कोपरा चिमटीत धरून त्यांनी हळूहळू ओढायला सुरुवात केली. प्लास्टिक वाकलं, आणि सुकलेलं कुंकू ते वाकणं सोसणार कसं? मधोमध येताच त्याचे पोपडे सुटून खाली कीबोर्डवर पडले. मेष्ट्रे थांबले. मग राहिलेलं एका दमात ओढून काढलं. हातातल्या प्लास्टिकवर हळदीचा पिवळा डाग तेवढा राहिला होता. बोटाचा आकार त्यात आहे असं म्हटलं तर होता.

समोर पडदा लख्ख. काळीभोर अक्षरं.

"स्वच्छ दिसतंय," मेष्ट्रे म्हणाले, आणि खुर्चीत बसून रडले. मी स्वयंपाकघरात जाऊन माझाच पेला विसळत राहिलो. ओट्यावर एकच ताट पालथं होतं.

काम त्यांच्याकडेच राहिलं. पण चैत्राचा रोजचा फोन थांबला. पानं वेळेवर जात होती, चुका सुटत नव्हत्या, तर ती विचारणार काय? "एखादी मुद्दाम सोडा," मी गमतीनं म्हटलं. ते माझ्यावर चिडले. मुद्रित म्हणजे मुद्रित. दाढी मात्र आता दोन-दोन दिवसांनी होऊ लागली.

पुढच्या आयुधपूजेला त्यांचा मला फोन आला. "काही बिघडलेलं नाही. बायकोला घेऊन या. पूजेला घरात बाईमाणूस नाही."

आम्ही गेलो. उदबत्ती लावलेली, वाटीत हळदकुंकू तयार. माझ्या बायकोनं कुंकवात बोट बुडवलं आणि सवयीनं पडद्याच्या मध्यावर नेलं.

"तिथं नको ताई," मेष्ट्रे घाईनं म्हणाले. "खाली लावा, काठावर."

"का हो मेष्ट्रे? वाचायला आड येतं?"

"नाही," ते म्हणाले. "मधे लावलं की पुसवत नाही."