एका नकाराचा सत्कार

डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढायची, मान उजेडाकडे वळवायची आणि विचारायचं, "पाहा बरं भाऊ, लाली आली का थोडीशी?" शेठजी हे गिऱ्हाईकालाही विचारत. किन्हीराजाहून लुगडं घ्यायला आलेली बाई बिचारी आधी त्यांचा डोळा पाही, मग पदर.

वाशीमच्या कापडबाजारात त्यांचं दुकान आणि समोर आमचं वाचनालय. मी तिथला ग्रंथपाल, म्हणजे पुस्तकांवरची धूळ झटकणारा. वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं त्या सुमाराची ही गोष्ट. शेठजींचे पाय सुजू लागले, चेहरा मेणासारखा पांढुरका पडला, दुकानाच्या पायऱ्या चढताना धाप लागू लागली. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं बिघडलीत, त्यामुळे रक्त कमी होतंय.

रक्त पाहायची डॉक्टरांची रीत साधी होती. बोटाला टोचून थेंब टिपकागदावर घ्यायचा आणि छापील लाल पट्ट्यांशी ताडायचा. जन्मभर लुगड्याला खण जुळवून दिलेला माणूस तिथे गप्प कसा बसेल? डॉक्टरांनी एका पट्टीवर बोट ठेवलं की शेठजी म्हणत, "नाही साहेब, त्याच्या खालचा. गिऱ्हाईकाले मी असा रंग देला असता, तं त्यानं परत आणून टाकला असता."

"अहो, तुमचंच रक्त कमी लावताय तुम्ही!"

"मंग काय कराचं? रंग तं थोच आहे."

लोहाचं औषध सुरू झालं. दात काळे पडू नयेत म्हणून ते गव्हाच्या काडीनं ओढून पीत. घर जैन, सूर्य मावळल्यावर पाणीही नाही. त्यामुळे रात्रीचा डोस उन्हातच. शेठाणी भाजी लोखंडी कढईत करू लागल्या. मीठ तर बंदच होतं. "लोखंडाची भाजी, थेबी अळणी," शेठजी म्हणत. "पण खाऊन राह्यलो." रंग मात्र वर सरकेना.

मग डॉक्टरांनी एक सुई सुचवली, जनावराच्या यकृताच्या अर्काची. शेठजी म्हणाले, "चार दिवस विचार करू द्या." एवढंच. पण विचार करणाऱ्या माणसाची बाजारात बातमी होत नाही, नकार देणाऱ्याची होते. 'प्राण गेला तरी बेहत्तर' असं शेठजी म्हणाल्याचं रिसोडपर्यंत पोचलं, आणि पुढल्या रविवारी त्यांचा सत्कार ठरला.

तो आमच्याच वाचनालयात झाला. अध्यक्ष एक होते, अध्यक्षीय भाषणं तीन झाली. शाल, नारळ, आणि झेंडूचा असा हार की त्यात शेठजी शोधावे लागले. दोन शब्द बोला म्हटल्यावर ते उठले, त्यांना धाप लागली, हात जोडून खाली बसले. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते वाचनालयात आले. वर्तमानपत्र उघडलं, वाचलं नाही.

"भाऊ, मी हो म्हणणार होतो."

"सुईला?"

"हो. जित्तं राहाची इच्छा आहे ना मले. पाप लागलं तं माह्या एकट्याले लागीन, म्हटलं. आता हो म्हटलं तं साऱ्यायची मान खाली जाते."

"गुपचूप घ्या. कोण पाहतं?"

"वाशीमात?" ते हसले. मग म्हणाले, "हार घालाच्या अगोदर एकदा विचाराले पाह्यजे होतं मले."

मी चहा घेता का, विचारलं.

"घेतो. त्यात मीठ नसते."

हिवाळा सरता सरता ते गेले. शोकसभेला वक्ते बहुतेक तेच होते. देह ठेवला पण तत्त्व सोडलं नाही, असं प्रत्येकानं आपापल्या आवाजात सांगितलं. डॉक्टर मागे माझ्याशेजारी बसले होते. हळूच म्हणाले, "ती सुई घेतली असती तरी फारसा फरक पडला नसता. मूत्रपिंडं गेली की लोह घालूनही रक्त का धरत नाही, हे आम्हालाही नीट ठाऊक नाही."

"त्यांना सांगितलं होतं?"

"सत्कारानंतर त्यांनी तो विषयच काढला नाही. मग मीही काढला नाही."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, निदान राग तरी यायला हवा होता. दोन्ही झालं नाही. मंडळी पांगली. सतरंजीची घडी घालायची राहिली होती. मी एक टोक धरलं, डॉक्टरांनी दुसरं.