दवाखान्याचं गाव कोणी बदलायचं

इंदूरच्या राजवाड्याजवळ एका गल्लीत माझं स्टीलच्या भांड्यांचं होलसेलचं दुकान आहे. हातगाडीवर चमचे विकून सुरुवात केली, कोणाचा उपकार घेतला नाही. मला एचआयव्ही आहे हे त्या गल्लीला कळलं, तर माझ्याकडून कोणी साधी वाटी घेणार नाही. गल्लीचं कशाला, घरच्यांनीच ते दाखवून दिलं. डॉक्टरांनी माझ्या भावाला समोर बसवून सांगितलं की एका ताटात जेवून हा रोग लागत नाही, गोळ्या नेमाने घेतल्या तर माणूस छान जगतो. भावाने मान डोलावली. दुसऱ्याच दिवशी त्याने माझ्याच दुकानातल्या मशीनवर माझ्या ताटावर आणि पेल्यावर माझं नाव घालून घेतलं. लोक आहेराच्या भांड्यांवर हौसेने नाव घालतात. माझं घातलं, ते वहिनीच्या भांड्यांत मिसळू नये म्हणून. ते मी विसरलेलो नाही.

इंदूरच्या सरकारी दवाखान्यात आमच्या बाजारातले हम्माल, पॅकिंगवाले, त्यांच्या बायका, सगळे भेटतात. म्हणून मी खंडवा रोडची बस धरून नर्मदेपलीकडे जातो आणि तिथल्या दवाखान्यातून गोळ्या आणतो. घाटात समोरून इंदूरला येणारी बस दिसली की मी खिडक्यांतले चेहरे बघतो. त्यांतला कोण कोण आपलं गाव चुकवून आमच्या शहरात गोळ्या न्यायला चाललाय, असा मला संशय येतो. खेड्यातले म्हणतात, हा शहराचा रोग. शहरातले म्हणतात, ट्रकवाल्यांनी हायवेवरून आणला. आपल्या गावचा तो कोणीच म्हणत नाही.

गेल्या हिवाळ्यात तिथल्या रांगेत मला एक ओळखीची बाई दिसली. वाटेवरच्या सिमरोलची. जुन्या कपड्यांवर भांडी देत इंदूरच्या कॉलन्यांतून फिरते आणि भांडी माझ्याकडून किलोने उचलते. माहेर बऱ्हाणपूरकडचं, त्यामुळे मराठी बोलते, माझ्यासारखीच हिंदी मिसळलेली. घासाघीस करण्यात तिच्यासारखी दुसरी नाही. आमची नजरानजर झाली. मी तोंड फिरवलं. परतीच्या बसमध्ये ती पुढे बसली, मी मागे, आणि सिमरोलला उतरेपर्यंत मी तिच्या पाठीकडे बघत होतो. आता ही माझ्याकडून काय काय उकळणार?

पुढच्या आठवड्यात ती माल घ्यायला आली. मी दुकानातल्या माणसांना चहाला पिटाळलं आणि तिने तोंड उघडायच्या आधीच भाव उतरवला. ती थाळी हातात धरून थांबली.

"भाव का उतरवला, सेठजी?"

"जुनं गिऱ्हाईक आहेस."

"जुनी तर दिवाळीतही होते. तेव्हा तर काटा आपटला होता माझ्यासमोर."

"घ्यायचं तर घे, नाहीतर ठेव."

"माझं तोंड बंद करायला हा भाव?" तिने थाळी ठेवली. "आणि तुमचं तोंड कोण बंद करणार? मी लोकांच्या ओट्यावर बसून धंदा करते. एका बाईला कळलं की अख्खी कॉलनी बंद. तुमच्याजवळ दुकान तरी आहे."

"मी कशाला कोणाला सांगीन?"

"मग मी तरी कशाला सांगीन? पण तुम्ही मला बघून तोंड फिरवलं. मनात काही असल्याशिवाय माणूस तोंड फिरवत नाही."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, एकमेकांवर भरवसा नाही तर एकाने गाव बदलावं, आणि ते तू बदल.

"का? ते गाव तुमच्या नावावर आहे?"

"धारला जा."

"धारला नणंद दिलीय. तुम्ही जा उज्जैनला."

"उज्जैनला माझा माल जातो, तिथला प्रत्येक भांडेवाला मला ओळखतो."

"मग देवास."

"देवासला व्याही आहेत."

"तुमचे हर गावात व्याही, आणि फिरायचं मी." तिने पदराने कपाळ पुसलं. बाहेरची वर्दळ बघितली. मग म्हणाली, "जाऊ द्या. मी इथलंच घेते. इंदूर."

"वेडी आहेस का? तुझ्या सगळ्या कॉलन्या इथे आहेत."

"माझ्या कॉलनीतल्या बाया सरकारी दवाखान्यात पाय तरी ठेवतात का? त्यांचे डॉक्टर एसीत बसतात. आणि सिमरोलचं कोणी भेटलं, तर म्हणेन बीपीची गोळी घ्यायला आले. गाव तुम्हाला ठेवा."

समोरचा इतक्या सहज उतरला की मालात खोट असते, हे मी धंद्यात शिकलोय. मी खोट शोधत बसलो आणि तिने भांडी काट्यावर चढवली.

"भाव पहिलाच लावा," ती म्हणाली. "सस्त्यात नको. उद्या उपकार म्हणून बोलून दाखवाल."

गाठोडं डोक्यावर घेऊन ती पायरी उतरली, तेवढ्यात समोरच्या दुकानदाराने माझ्याकडे बोट दाखवत तिला हटकलं. या माणसाने माझी गिऱ्हाइकं फोडली आहेत, माझी एखादी कमजोरी कधी हाती लागते याची तो वाटच बघत असतो. "क्यों बाई, भिया से इतनी देर क्या खुसर-पुसर चल रही थी?"

ती थांबली, वळली, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "भाव कम करने को बोल रही थी, और क्या. लूटते हैं ये."

"इनको तो हम भी जानते हैं," तो हसला.

मीही आतून ओरडलो, "महंगा लगता है तो मत आया कर." मला राग खराच आला होता, सोंग करावं लागलं नाही.

त्यानंतर त्या रांगेत ती मला दिसलेली नाही. तिचे घाटाचे हेलपाटे वाचले, माझे तसेच आहेत. सौदा कोणी मारला ते उघड आहे. आपणही इंदूरलाच जावं असं एक-दोनदा मनात आलं, पण सेठ माणूस बीपीच्या गोळीसाठी सरकारी रांगेत उभा राहतो, हे हम्मालांच्या बायकांना पटणार नाही. मी दर वेळी रांगेत उभं राहण्याआधी सगळे चेहरे बघून घेतो.